सातव्या प्रकरणाची प्रत

पान ४१. स्वल्पविराम काढला. आता वाक्य धावतं.

पान ४१. स्वल्पविराम परत घातला. रुग्ण धावत नाही.

नवं प्रूफ पास झालं की जुनं फाडायचं. टेबलावर एका वेळी एकच खरं.

डॉक्टर बॅग उचलून गेले.

"इथे दुसरं कुणीतरी काम करत आहे. त्यांचं संपल्यावर या."

आठ महिने.

*

पहिली ओळ मावशीची, दुसरी आईची. मावशी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचत होती, आई तीस वर्षं नर्स होती. दोघी निवृत्त झाल्या आणि मिळून पुस्तक लिहायला बसल्या: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची. माहिती आईची, भाषा मावशीची, भांडण दोघींचं.

तिसरी ओळ छापखान्याचा नियम आहे. जुनं प्रूफ टेबलावर राहिलं, तर कुणीतरी चुकून त्याच्यावरूनच छापतं. म्हणून फाडायचं, आणि तुकडे एका टोपलीत टाकायचे नाहीत, दोन टोपल्यांत टाकायचे, म्हणजे कुणाला ते जोडता येणार नाहीत. मावशी नवऱ्याच्या वाढदिवसाची जुनी कार्डंसुद्धा अशीच फाडते.

बाकीच्या ओळी पुढे येतीलच.

*

मी कॉम्प्युटरवर काम करते, म्हणून घरातला प्रिंटरसुद्धा माझ्यामुळे बिघडतो. पुस्तक सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा दोघींच्या मशीनवर मिळून सत्तावीस फायली होत्या. शेवटच्या फाईलचं नाव होतं "पुस्तक नवं खरंच नवं ताईचं नाही २". मी म्हटलं, थांबा, मी गिट बसवून देते.

"काय?"

"प्रत्येक बदल नोंदला जातो. कुणी केला, कधी केला, का केला. मागच्या कुठल्याही दिवसाचं पुस्तक जसंच्या तसं काढता येतं."

"म्हणजे झालेली प्रत्येक चूक जपून ठेवायची?" मावशीनं चष्मा काढला.

"हो."

"कशाला?"

"लागली तर."

"चूक लागते कधी?"

आई म्हणाली, "माझ्या चुका ताईला तोंडपाठ आहेत. मशीनला कशाला त्रास?"

मी समजावलं की यात मध्ये कुणी साहेब बसलेला नाही. पूर्ण पुस्तक आणि त्याचा पूर्ण इतिहास दोघींच्याही मशीनवर राहणार. एकीनं नोंद केली की ती पेनड्राइव्हवर घालून दुसरीकडे न्यायची, मग दोन्ही प्रती सारख्या. इंटरनेटवर काही ठेवायला मावशीचा विरोध होता. आमचं कच्चं लिखाण परक्याच्या घरात नको, म्हणाली. मी हरले. माझ्या मशीनवर मात्र एक प्रत ठेवायला हवी होती. ऑफिसात मी लोकांना हेच ओरडून सांगते. इथे ठेवली नाही. घरचं काम होतं ना.

*

भांडण सातव्या प्रकरणावरून झालं.

त्या प्रकरणाचं नाव "खाणं नको असतं तेव्हा". शेवटच्या दिवसांत माणूस खाणं सोडतो तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही. मावशीनं आईला फोन करून सांगितलं, "मी ते काढून टाकलंय. घराघरांत माणसं उपाशी ठेवायला शिकवणारं पुस्तक माझ्या हातून जाणार नाही."

"तू प्रुफं वाच ताई. माणसं मी पाहिलीत."

"पाहिलीस ना? पण ती तुझ्या घरची नव्हती. दुसऱ्यांची होती."

आई म्हणाली, "मीही पुसते. झालं समाधान?" आणि फोन ठेवला. त्यानंतर पेनड्राइव्ह मावशीकडून आईकडे गेला नाही. दोघींमधलं अंतर बसचे दोन स्टॉप.

*

आठ महिन्यांनी, मंगळवारी सकाळी मावशीचा फोन.

"तुझं ते मशीन सगळं लक्षात ठेवतं म्हणाली होतीस. सातवं प्रकरण काढून दे."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, दीड वर्ष अंथरुणावर होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता हातात चमचासुद्धा धरता येत नव्हता. चार दिवस ते घास घेत नव्हते. मावशी भरवायला गेली की मान भिंतीकडे.

"डॉक्टर आले होते?"

"आले. म्हणाले, आता उपचारांचं काही राहिलं नाही, खायची जबरदस्ती करू नका. एवढं बोलले, बॅग उचलली, गेले. जबरदस्ती कुठून सुरू होते ते सांगितलंच नाही. दुसऱ्या चमच्यापासून की दहाव्या? तुझ्या आईनं ते लिहिलं होतं. पान अठ्ठ्याऐंशी. वाक्य आठवत नाही मला."

तिला वाक्य आठवत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

*

मावशीच्या मशीनपुढे बसले. जुन्या नोंदी मागितल्या. उत्तर आलं की या फोल्डरला इतिहासच नाही.

"मावशी, इथे एक लपलेलं फोल्डर होतं."

"होतं. दिसलं मला. आत सगळी जुनी प्रुफं होती."

"मग?"

"मग काय. पुस्तक पास झालं. फाडली."

"कुणी पास केलं?"

"मीच केलं. दुसरं कुणी होतं का बोलायला?"

"आणि पेनड्राइव्ह?"

"तोही साफ केला. दोन टोपल्या असतात बाई, एक नाही."

डिलीट केलेल्या फायलींची टोपली बघितली. रिकामी. ती रोज सकाळी रिकामी करते, दात घासल्यावर. हरवलेल्या फायली शोधणारं एक साधनही चालवून पाहिलं. तासाभरानं दोन स्वल्पविराम आणि एक अर्धा परिच्छेद सापडला, तोही पडून राहून होणाऱ्या जखमांचा. आहे ते तरी सुरक्षित राहावं म्हणून मी तिथेच नवा इतिहास सुरू केला. पहिली नोंद: आजपासून. ही माझी दुसरी चूक, पण ती संध्याकाळी कळली.

आतल्या खोलीतून वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज आला. मावशी आत गेली होती. "एकच घ्या हो. माझ्यासाठी." मग ती बाहेर आली. वाटी भरलेलीच होती.

"आईला विचारते," मी म्हटलं.

"तिच्याकडे नाहीये. तिनं पुसलं."

"तोंडी तरी सांगेल ना. येऊन बघेल."

"माझं नाव सांगू नकोस."

"मग कुणाचं सांगू?"

"मशीनचं सांग. बिघडलंय म्हणावं."

*

आईनं दार उघडलं. मी काही मशीनचं वगैरे सांगितलं नाही. काकांचं सांगितलं.

ती उभ्या उभ्या विचारत गेली. पाणी घेतात? ठसका लागतो? घशात घरघर? ओठ मिटून घेतात की मान फिरवतात?

"मान फिरवतात."

"मग ते बोलताहेत," आई म्हणाली. खुर्चीत बसली. "कळतंय मला. पण मी जाऊन सांगितलं तर भांडेल ती. मी तिची धाकटी आहे. माझं ऐकायचं नाही हे तिनं मी पाळण्यात असताना ठरवलंय. छापल्यासारखं समोर आलं तर वाचेल. चाळीस वर्षं फक्त कागदाचं ऐकलंय तिनं."

"मग परत लिही."

"प्रयत्न केला गं. दोन महिन्यांपूर्वी, वहीत. सगळं उपदेशासारखं होतं. ते पहिलं तसं नव्हतं."

तिचा लॅपटॉप कपाटात, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. आठ महिने उघडला नव्हता. चालू केला, फोल्डर उघडलं. सातवं प्रकरण नव्हतं. पण लपलेलं फोल्डर होतं.

मी आज्ञा दिली. मशीननं नकार दिला. इथे दुसरं कुणीतरी काम करत आहे. त्यांचं संपल्यावर या.

"कोण काम करतंय?" आई माझ्या खांद्यावरून वाकली.

"तूच. आठ महिन्यांपूर्वी. नोंद करता करता मध्येच सोडलीस का?"

तिला आठवायला वेळ लागला. "नोंद लिहीत होते, ताईचा फोन आला. मग प्रकरण पुसलं आणि मशीन बंद करायचं बटण दाबून धरलं. मरेपर्यंत."

अर्धवट कामाचं कुलूप तसंच राहून गेलं होतं. खरंच कुणी काम करत नाहीये ना, ते तपासलं, आणि कुलपाची फाईल काढून टाकली. पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर आलं: प्रकरण सात, पुसलेलं; पुसल्याची नोंद नाही.

"आई, तू पुसलंस, पण नोंदलं नाहीस."

"रागात कोण नोंदी करतं?"

मावशीनं आतला इतिहास फाडला होता आणि बाहेरच्या फायली नीट ठेवल्या होत्या. आईनं बाहेरचं फाडलं होतं, आतल्याला हात लावायचं तिला सुचलंच नव्हतं. एक ओळ टाइप केली. प्रकरण परत आलं. आवाज नाही, काही नाही. फाईलच्या यादीत सहानंतर सात.

आईनं ते उघडलं नाही. तिनं विचारलं, "याचे जुने बदलही दिसतात?"

दिसत होते. एकोणीस नोंदी. पाच तिच्या. चौदा मावशीच्या.

पान ८६. 'पेशंट' काढून 'माणूस' केलं. सगळीकडे.

पान ८७. हा परिच्छेद मोठ्यानं वाचला. ठीक.

पान ८८. काही बदल नाही. पुन्हा वाचलं.

पान ८८. काही बदल नाही.

"चौदा वेळा वाचलं होतं तिनं," आई म्हणाली. "मला वाटलं, न वाचताच काढलं." मग उठून चप्पल शोधू लागली. "प्रिंटर चालतो का ताईचा?"

*

संध्याकाळी मावशीच्या घरी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, दोघी मशीनकडे बघत होत्या. मी आईचा इतिहास मावशीच्या फोल्डरला जोडायला गेले आणि मशीन पुन्हा अडलं. या दोन इतिहासांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जोडणार नाही.

सकाळी मी नवा इतिहास सुरू केला होता ना, त्यामुळे.

"त्याला सांग, एकाच आईच्या पोटच्या आहोत म्हणावं," आई म्हणाली.

"सांगू नकोस," मावशी म्हणाली. "त्याला पटायचं नाही. शेजाऱ्यांनाही पटत नव्हतं."

जबरदस्तीनं जोडायची आज्ञा असते. ती मी दिली नाही. सकाळचा इतिहास बाजूला ठेवला, आईचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्यावर मावशीच्या आठ महिन्यांच्या दुरुस्त्या एका नोंदीत घातल्या. आणि या वेळी एक प्रत माझ्या मशीनवर घेतली.

प्रकरण छापलं. नऊ पानं, दोन प्रती. मावशी घेऊन वाचणार, तर आईनं एक प्रत तिच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःकडे ठेवली. छापखान्यात प्रूफ असंच वाचतात, एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं बोट ठेवून तपासायचं. दोघी आत गेल्या. काका भिंतीकडे तोंड करून होते. आई पलंगाजवळच्या स्टुलावर बसली आणि सपाट आवाजात, विरामचिन्हांसकट, वाचू लागली.

"मान फिरवणं हेही बोलणं आहे, पूर्णविराम. एकदा विचारा, पूर्णविराम. थोडं थांबून पुन्हा विचारा, पूर्णविराम. दुसऱ्यांदाही मान फिरली तर चमचा खाली ठेवा, पूर्णविराम. तुम्ही उपाशी ठेवत नाही आहात, स्वल्पविराम, तुम्ही ऐकत आहात, पूर्णविराम."

मावशीचं बोट ओळीवर थांबलं.

"पुन्हा वाच."

आईनं पुन्हा वाचलं, या वेळी विरामचिन्हांशिवाय.

मावशीनं वाटी उचलली. काकांच्या कानाजवळ वाकून विचारलं, "घेता थोडं?" थांबली. भिंतीवरच्या त्यांच्याच घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट थांबली. पुन्हा विचारलं.

मग चमचा वाटीत ठेवला, वाटी बाहेर नेऊन ठेवली, आणि रिकाम्या हातानं परत येऊन आईला म्हणाली, "पुढे काय लिहिलंयस? ओठ कोरडे पडलेत त्यांचे."

"पान एकोणनव्वद," आई म्हणाली.

*

परत येताना आईनं सांगितलं, सातवं प्रकरण तिनं सगळ्यात आधी लिहिलं होतं, पहिलं लिहायच्या पाच महिने आधी; बाकीचं पुस्तक त्याच्यासाठीच सुरू झालं.