साडेतीन फुटांचा मजला

मी एक जुना मजला आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यावर कुणी राहत नाही. माझी लांबी साडेतीन फूट आहे आणि माझं छत डब्याच्या झाकणासारखं उचलता येतं. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला एक मोठं हॉटेल आहे. ते बांधण्याआधी त्यातला एक मजला कसा दिसेल, हे लोकांना कळावं म्हणून मला बनवलं गेलं.

मला अमळनेरच्या झुलाल मिस्तरीनं घडवलं. एका फुटाला अर्धा इंच, या हिशेबानं त्यानं माझी प्रत्येक भिंत कापली. पलंग सागाच्या चिपांचे केले, आणि त्याच्या बायकोनं, ताईबाईनं, ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून गाद्या शिवल्या. माझ्यात तीन प्रकारच्या खोल्या आहेत. साधी खोली, तिच्याहून थोडी लांब डिलक्स, आणि एकमेकींना लागून दोन स्वीट. स्वीट म्हणजे झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी, आणि बसायच्या खोलीला तलावाकडे मोठी खिडकी.

हॉटेल सुरू झालं तेव्हा मी लॉबीत काचेच्या टेबलावर होतो. लग्नाचं बुकिंग करायला आलेली कुटुंबं माझं छत उचलत आणि वाकून बघत. नवरा-नवरीला स्वीट द्यायची की मामा-मामींना, यावर वाद घालत. माझं कौतुक ऐकून मालक प्रेमराज शेठ ताठ व्हायचे. झुलाल दर महिन्याला अमळनेरहून यायचा आणि मला पॉलिश करून जायचा.

पण वर, खऱ्या मजल्यांवर, शेठनी एक गोष्ट केली होती. प्रत्येक स्वीटच्या बसायच्या खोलीतली भिंत त्यांनी चार फूट आत सरकवली होती. दोन स्वीटमधली अशी वाचलेली जागा जोडून प्रत्येक मजल्यावर एक जादा खोली निघत होती.

चोपड्याचे केळीचे बागायतदार जीवरामनाना मुलीच्या लग्नासाठी आले, तेव्हा हे उघडं पडलं. स्वीटचं दार उघडलं की सोफ्यावर आपटत होतं. नाना खाली आले, माझं छत उचललं आणि शांतपणे विचारलं, इथं दिसतं ते वर का नाही?

त्याच दिवशी झुलाल पॉलिश करायला आला होता. सोबत त्याची मुलगी नूतन होती, हातात पॉलिशचा डबा घेऊन. शेठनी झुलालकडे बोट केलं.

"या मिस्तरीनं माप चुकवलं. गावठी माणूस, नकाशा वाचता येत नाही."

शेठनी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. त्यानं मागितली. मला घरी न्यायची परवानगी त्यानं मागितली, तर तीही मिळाली नाही. मला तळघरात धुण्याच्या खोलीत टाकलं. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. माझा एक कोपरा फुगला.

मित्रांनो, अंधारात पडलेली वस्तू काय करते? बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी माझी मापं घोकत होतो. स्वीट, बसायची खोली, सोळा फूट. सोळा. सोळा. शेठचा आवाज जिन्यावर ऐकू आला की ही भिंत त्यांच्या कपाळात घुसावी, असं मला वाटायचं. हे चांगलं नाही, मला ठाऊक आहे. पण वाटायचं.

तीन वर्षं गेली. एके दिवशी कुणीतरी माझ्यावरचे टॉवेल बाजूला केले. नूतन होती. हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेऊन ती इथंच स्वागतकक्षात नोकरीला लागली होती. शेठनी तिला ओळखलं नाही, कारण त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहुण्यांना खोल्यांचे आराखडे दाखवायचं, डिलक्स आणि स्वीटमधला फरक सांगायचं काम तिचं होतं. जेव्हा संधी मिळेल तेव्हा ती वर जाऊन बापाच्या टेपनं एकेका स्वीटची बसायची खोली मोजत होती. सगळ्या बारा फूट भरल्या.

तळघरात तिनं माझी भिंत मोजली आणि टेप खिशात ठेवला. तिनं सांगितलं, ही नोकरी धरायला बापाचा विरोध होता. "तठे कसाले जास, पोरी?" म्हणून तो दारात आडवा बसला होता. नंतर हळूच म्हणाला होता, "मनं माप चुकनं नही." बापाचं माप चुकलं नव्हतं, एवढं सांगून तिनं टॉवेल पुन्हा माझ्यावर टाकले. "अजून नाही," ती म्हणाली.

ती वेळ पुढच्या उन्हाळ्यात आली. हॉटेलला किती तारे द्यायचे हे ठरवणारी समिती सकाळी अकराला पोचली. त्याआधीच नूतननं मला पुसून लॉबीत, जुन्या जागी ठेवलं होतं. शेठ समितीला घेऊन आत आले आणि मला बघून थबकले. समितीच्या प्रमुख सुलक्षणा मॅडमनी माहितीपत्रक उघडलं, माझं छत उचललं आणि त्या वर मोजायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी चार फूट कुठं गेले, ते विचारलं.

शेठ म्हणाले, ते मॉडेल चुकलेलं आहे, मिस्तरी गावठी होता.

"मग माहितीपत्रकात तेच माप का छापलंय, शेठ?" नूतन म्हणाली. "रोज मी पाहुण्यांना तेच दाखवते. मॉडेल चूक असेल तर तुमचं पत्रक खोटं आहे. पत्रक खरं असेल तर भिंत सरकवलेली आहे. कोणतं लिहून घ्यायचं, मॅडमना सांगा."

मॅडमनी मूळ नकाशा मागवला. त्यावर सोळा फूट होते. भिंती जागेवर येईपर्यंत एकही तारा मिळणार नव्हता.

समिती गेल्यावर शेठ नूतनला म्हणाले, हे मला एकट्याला सांगता आलं नसतं का?

"तुम्ही माझ्या बापाला एकट्याला सांगितलं होतं का?"

तेव्हा त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

गोष्ट चोपड्यापर्यंत गेली. जीवरामनानांनी निरोप धाडला, ज्या लॉबीत मिस्तरीला माफी मागायला लावली, त्याच लॉबीत शेठनी त्याची माफी मागावी. नाहीतर आमच्याकडचं एकही लग्न तिथं उतरणार नाही. शेठपुढे दुसरा मार्ग उरला नाही.

झुलाल इस्त्रीचा सदरा घालून बसनं आला. जीवरामनानाही आले. वर भिंती फुटत होत्या आणि प्रत्येक घाव मला खालपर्यंत ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, मी ते घाव मोजत होतो. शेठ मान खाली घालून म्हणाले, "मिस्तरी, तुमचं माप बरोबर होतं. भिंत मी सरकवली. मला माफ करा."

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील. त्या पुसा, जपा. जपणं झेपत नसेल तर कुणाला देऊन टाका. पण स्वतःची चूक त्यांच्या आणि त्यांना घडवणाऱ्याच्या माथी मारून त्यांना अंधारात टाकू नका. आम्ही सगळेच काही क्षमाशील नसतो.

झुलालनं कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं, शेठ. जरा मोठ्यानं."

त्याचे कान ठणठणीत आहेत. हे त्या लॉबीत फक्त नूतनला आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.