शेजाऱ्याचे बोअर

बोअर मोजायला आलेला माणूस बोअर बंद करायलाच आलेला असतो, ही आमच्या भागातली पक्की समजूत. ती चुकीची आहे असं छातीठोकपणे मलाही सांगता येत नाही. त्यामुळे वडीगोद्रीहून आत सहा किलोमीटरवर, माझ्या मामाच्या गावात, एकशे दहा शेतकऱ्यांनी मिळून एकेचाळीसच बोअर सांगितले तेव्हा मला राग यायला नको होता. पण आला. तृप्ती तापट आहे, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात.

मी बदनापूरच्या एका संस्थेत काम करते. गावकऱ्यांबरोबर बसून त्यांच्या पाण्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल बांधायचं, हे माझं काम. पाऊस किती पडला, किती मुरला, कोणत्या पिकाला किती उपसला, हे सगळं गावानं सांगायचं. कॉम्प्युटर त्याची बेरीज-वजाबाकी करतो आणि विहिरीतलं पाणी कोणत्या महिन्यात कुठवर उतरेल त्याची रेघ पडद्यावर काढतो. मग विचारायचं, अमुक केलं तर काय होईल? रेघ वर सरकते का खाली, ते सगळ्यांनी मिळून बघायचं. मॉडेल आपलं नसतं, गावाचं असतं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ट्रेनिंग देणाऱ्यांना त्या गावात मामा नसतो.

माझा मामा कडूबा दोनदा सरपंच झालेला. बारा एकर मोसंबी. ग्रामसभेपुढे त्यानं ठराव आणला होता की, गावात वीस मोठी शेततळी घ्यायची, खाली प्लास्टिक अंथरायचं, बोअरच्या पाण्यानं भरून ठेवायची आणि उन्हाळ्यात मोसंबी जगवायची. बहुतेकांनी हात वर केले. सगुणाबाई तेवढी उभी राहिली आणि म्हणाली, आधी पाण्याचा हिशेब मांडा, मग हात वर करा. त्या एका वाक्यापायी संस्थेला पत्र गेलं आणि मी आले.

सगुणाबाई भीमनगरची. तिथली चाळीस घरं एका विहिरीवर. नळाचा पाइप चढावर पोचलाय, पाणी पोचत नाही आणि कालवा तर गावाच्या पार खालून जातो. ही विहीर दरसाल शिवरात्रीला तळ दाखवते. त्यानंतर टँकर. तिचं मला पहिल्याच दिवशी सांगणं होतं की, बाकी दिवसांचं ती भागवून घेईल, पण चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, लेकी-जावई येतात, पाव्हणे येतात, आणि नवी साडी नेसून टँकरमागे घागर घेऊन पळावं लागतं. त्या एका दिवशी तरी विहिरीत पाणी असावं. वीस शेततळी झाली तर ते कधीच असणार नव्हतं. हिशेबात काय निघतं त्यावर तिची विहीर ठरणार होती.

पहिली आकडेवारी भरताना मामानं मला सांगितलं, "एक बोअर." मी एक लिहिला. दोन उन्हाळ्यांमागे मी सुट्टीला आले होते, तेव्हा मामाचा तिसरा बोअर मारायचं काम चालू होतं. उषामामी माहेरी गेली होती म्हणून मशीनला हळदीकुंकू मीच लावलं, नारळही मीच वाढवला. पाणी उडालं तसा मामानं मला फवाऱ्याखाली ओढलं होतं. आणि तरीही मी एक लिहिला. मी मामाच्याच घरी उतरले होते, मामीच्या हातच्या भाकरी खात होते, आणि माझं बोट अडखळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या बैठकीत शाळेच्या भिंतीला चादर लावून मी रेघ दाखवली. महिन्यांऐवजी सण लिहिले होते, कारण गावात पाण्याच्या तारखा सणांनीच सांगतात. एकेचाळीस बोअर धरून मागच्या वर्षीचा पाऊस घातला तर भीमनगरच्या विहिरीत थेट मृगापर्यंत पाणी दिसत होतं. मोसंबीवाले खूश झाले. त्यांच्यातला पुंजाराम म्हणाला, बघा, पाणी हाय. सगुणाबाई उठली, चादरीजवळ गेली आणि शिवरात्रीवर बोट ठेवून तिनं मला विचारलं की, मागच्या साली ह्या दिवशी ती टँकरजवळ उभी होती, मग कॉम्प्युटर कोणत्या गावची विहीर दाखवून राह्यला?

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी लॅपटॉप मिटला आणि आठ दिवसांनी यायचं सांगितलं.

त्या आठ दिवसांत मला एवढं कळलं की, गावात स्वतःच्या बोअरबद्दल कोणी खरं सांगत नाही, पण शेजाऱ्याच्या बोअरबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कितव्या फुटाला पाणी लागलं, मोटर किती एचपीची, ऑटो स्टार्टर बसवलाय का, म्हणजे लाइट आली की माणूस झोपलेला असला तरी मोटर आपोआप सुरू होते का, सगळं. म्हणून तिसऱ्या बैठकीला मी शाळेच्या फरशीवर खडूनं गावाचा नकाशा काढला, गट नंबर टाकले आणि टोपलीभर चिंचोके आणले. नियम एकच सांगितला. आपल्या शेतात कोणी काही ठेवायचं नाही, फक्त बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याच्या शेतात ठेवायचं. एक बोअर, एक चिंचोका.

पहिला उठला तो तातेराव. त्यानं पुंजारामाच्या शेतात तीन चिंचोके ठेवले. पुंजारामानं तातेरावाच्या शेतात चार ठेवले आणि पाचवा हातात धरून, नाल्याकाठचा मोजायचा का, असं मला विचारलं. त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. लोक गुडघ्यांवर सरकत होते, हसत होते, अमक्याचा कोरडा गेला तो काढ म्हणून भांडतही होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे प्रत्येकाला दुसऱ्याचं मुसळ दिसत होतं आणि ते खरोखरच मुसळ होतं. मोजले तेव्हा चौऱ्याण्णव भरले.

मामाच्या शेतात मात्र एकच चिंचोका होता. तीन बाजूंनी तीन शेजारी, आणि त्यातली एक बाजू भीमनगरच्या विहिरीची. तिघांनी मिळून एकच ठेवला होता. भीमनगरतर्फे तिथे सगुणाबाई बसली होती.

मी चौऱ्याण्णव भरले. रेघ मृगावरून घसरली आणि पाडव्यावर टेकली. खोलीत हसू थांबलं. पाडवा आणि शिवरात्र यांत महिन्याहून जास्त अंतर आहे. सगळ्यांनी चादरीकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं, मग जिकडे पाहायला नको तिकडे. मामा दाराजवळ खुर्चीवर होता. त्यानं विचारलं की आता काय राह्यलं, एवढं झालं तं ठराव घेऊन टाकू.

मी टोपलीजवळ गेले. मामानं माझ्या कॉलेजची फी भरलेली नाही की कसले उपकार केलेले नाहीत, पण लहानपणी मला पोहायला त्यानंच शिकवलं, ते ह्याच शिवारातल्या विहिरीत. तेव्हा तिला मे महिन्यातही पाणी असायचं.

"मामा," मी म्हणाले, "मशीनला हळदीकुंकू मीच लावलं होतं." आणि मी खाली वाकून त्याच्या शेतात आणखी दोन चिंचोके ठेवले.

मामा सगुणाबाईकडे वळला.

"तुला ठाऊक होतं?"

"तुमच्या मोटरीचं बटण रोज मीच दाबते, भाऊ," सगुणाबाई म्हणाली. "मला ठाऊक न्हाई तं कुणाला?"

"मंग एकच का ठिवला?"

"सोमवारी कामाला यायचं हाय ना."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. वार सांगावा तसं बोलली. सहा वर्षं ती मामाच्या बागेत कामाला होती. जी मोटर सुरू केल्यानं तिची विहीर आटत होती, ती सकाळी येऊन तीच सुरू करत होती, आणि हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच स्पष्ट माहीत नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. मी मामाच्या गटापुढे तीन टाइप केले. रेघ होळीवर आली.

"अजून पंधरा दिवस जास्तीचे हायेत," सगुणाबाई म्हणाली. ती रेघेकडेच बघत होती.

मी आकडे चाळायला लागले. मुरण्याचं प्रमाण चुकलं असेल, पाऊस वडीगोद्रीच्या मापकाचा धरलाय, असं काहीबाही बोलत होते. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामा टोपलीजवळ आला, एक चिंचोका उचलून त्यानं स्वतःच्या शेतात ठेवला आणि नियम मोडला.

"चार हायेत," तो म्हणाला. "मागच्या दसऱ्याला घेतला. तू तवा नव्हतीस."

मी चार टाइप केले. रेघ शिवरात्रीवर येऊन थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तातेराव एवढंच म्हणाला की, आता बराबर हाय.

पुढचा तासभर मी फक्त बटणं दाबली. अमुक केलं तर काय, हे प्रश्न गावानंच विचारले. विहिरीलगतचे बोअर संक्रांतीपासून बंद ठेवले तर? ऑटो स्टार्टर काढून टाकले तर? शेततळी वीसऐवजी सहा घेतली आणि ती बोअरनं न भरता पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यानं भरली तर? मामानं स्वतःहून एकच प्रश्न विचारला. त्याच्या दोन बोअरना कुलूप लावून उन्हाळ्यात पाणी मागणारा आंबेबहार सोडला आणि पावसावर येणारा मृगबहार धरला तर विहीर कुठवर जाईल? सगळं एकत्र घातलं तेव्हा रेघ चौदा एप्रिल ओलांडून गेली. त्या दिवशी विहिरीत पाच फूट पाणी दाखवत होती. ठराव त्याप्रमाणे बदलला आणि सगळ्यांनी हात वर केले. मामानं सर्वांत शेवटी केला.

संध्याकाळी मी मामाच्या घरून बॅग उचलली. मामीनं चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला, मामा बागेतून आलाच नाही. सगुणाबाई सोमवारी कामाला गेली का, हे मी मंगळवारी मामीला फोन करून विचारलं. गेली होती. मामानं तिला दोन मोटरींच्या पेट्यांच्या किल्ल्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, संक्रांतीला कुलूप घालायचं आणि किल्ल्या तुझ्याच घरी ठिवायच्या.

माझ्याशी मात्र तो बोलेना. भीमनगरच्या विहिरीचं माप दर सोमवारी घ्यायचं ठरलं होतं, ते काम त्यानं मागून घेतलं. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. सोमवारी सकाळी माझ्या मोबाइलवर नुसता आकडा यायचा. एकोणीस. अठरा. सोळा. पुढे ना राम राम, ना कशी आहेस. मी आकडा मॉडेलमध्ये भरायचे आणि नवी रेघ त्याला पाठवायचे. त्यावर दोन निळ्या खुणा यायच्या, बाकी काही नाही. दिवाळीत मामाकडे न जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. मला ते फार लागलं. शिवरात्रीला तेरा असा आकडा आला, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

चौदा एप्रिलला सगुणाबाईनं जेवायला बोलावलं होतं. भीमनगरात निळ्या पताका, स्पीकर, पोरांची धावपळ. तिचे दोन्ही जावई विहिरीवर दोर टाकून पाणी शेंदत होते आणि ती निळी साडी नेसून नुसती काठावर बसली होती, काही न करता. मला बघून तिनं जवळ जागा केली. टँकर आला नव्हता, येणारही नव्हता. मी खाली वाकून पाहिलं. पाणी होतं. थोडं होतं, पण आपलं तोंड दिसेल इतकं होतं.

मामा अभिवादनाचा कार्यक्रम उरकून आला. खांद्यावर गाठींची दोरी. त्यानं ती विहिरीत सोडली, वर ओढली, ओल्या गाठी मोजल्या, पुन्हा सोडली आणि पुन्हा मोजल्या. सात महिन्यांनी तो माझ्याशी बोलला.

"तुझ्या कॉम्प्युटरनं किती सांगितल्ते?"

"पाच फूट."

"साडेतीनच हाय." त्यानं दोरी माझ्यापुढे धरली आणि आवाज खाली आणला. "गेल्या सोमवारपर्यंत बराबर जुळत होतं. कुणीतरी नवा बोअर घेतला. कोणाचा ते शोधावं लागंल. चिंचोके आणलेस का?"

"माझ्या घरात हायेत," सगुणाबाई म्हणाली आणि उठली. "पर आधी जेवा."