पुंडलिकच्या तीस गोळ्या

औषधाच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईने गोड बोलू नये, असं माझं मत होतं. गोड बोललं की लोक दोन गोळ्या जास्त मागतात. आखातात, अब्बासियातल्या दवाखान्यात मी नऊ वर्षं ती खिडकी सांभाळली. लोक मला 'पुण्याची खडूस बाई' म्हणतात हे कानावर आलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

नियम साधा होता. कार्डावर ज्याचं नाव, त्यालाच औषध, तेही स्वतः येऊन न्यायचं आणि एका वेळी एकाच महिन्याचं. गावी पाठवायला मिळायचं नाही. बाहेरच्या दुकानात फिट्सच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देत नसत, आणि चिठ्ठीसाठी रोगी डॉक्टरसमोर लागे.

पुंडलिक वफ्र्याला, वाळवंटातल्या शेतावर काकड्या पिकवायचा. देवगडकडचा, पस्तिशीचा, इथे एकटाच. त्याला फिट्स यायच्या. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तो कंपनीच्या बसने यायचा, तीस गोळ्या घ्यायचा आणि रजिस्टरात कार्डाचा नंबर नि 'वफ्रा' एवढंच लिहिलेल्या ओळीत मराठीत सही करायचा. ती सही वाचता येणारी दवाखान्यात मी एकटीच. त्याचा 'ड' नेहमी ओळीखाली घसरायचा.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत तो खिडकीशी घुटमळला.

"बाईनु, माझ्या चेडवाक पण फिटी येतत. ताराक. थय ह्यो गोळयो गावनत नाय. तिच्यासाठी थोड्यो जास्त देशात?"

"कार्डावर तुमच्या मुलीचं, ताराचं नाव आहे का?"

"नाय."

"मग नाही."

"माझ्या खोलीतलो शत्रुघ्न सुट्टीर जाता. तो घेऊन जायत."

"शत्रुघ्न नेवो नाहीतर विमानाचा पायलट नेवो. नियम म्हणजे नियम."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तीस गोळ्या मोजून घेतल्या, सही केली आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "नऊ वर्षांच्या पोराक किती देतत, बाईनु?"

"साधारण अर्धी. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही," मी पुढचं कार्ड ओढत म्हणाले.

मार्चमध्ये त्याच्या कपाळाला पट्टी होती. शिडीवरून पडलो म्हणाला. डोळे उघडे ठेवून काम करा, असं मीच त्याला झापलं. एप्रिलमध्ये ओठ फाटलेला होता. तेव्हा खिडकीवर इतकी गर्दी होती की मी काही विचारलंही नाही.

मे महिन्यात तो गेला. शेताच्या पाण्याच्या टाकीशी फिट आली आणि आत पडला. जवळ कुणी नव्हतं. टाकी कमरेएवढीच खोल होती.

दवाखान्यात चौकशी झाली. "गोळ्या वेळेवर घेणाऱ्याला इतक्या फिट्स कशा येतात?" आमच्या मुख्य फार्मसिस्ट लैला मॅडमनी विचारलं. मी रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. "एकही महिना चुकलेला नाही," मी सांगितलं. त्या वेळी मला माझ्या चोख रजिस्टरचा अभिमान वाटला. आजही त्याची लाज वाटते.

जूनच्या मध्यावर शत्रुघ्न लांबलेली सुट्टी संपवून परतला आणि खिडकीशी आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात कुळथाचं पीठ.

"नर्मदावहिनीनं दिलानी. पुंडलिकाच्या घरवालीनं. तुमका देवूक सांगलानी."

"मला कशाला?"

"तुमी ताराक गोळयो देतास म्हणान. आधी मी नेलंय, मगे दर महिन्याक कोण ना कोण नेय होतो. पाच महिने झाले, पोरीक एक फिट येवक नाय. शाळेत जाता आता."

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं. "मी दिल्या? कुणी सांगितलं?"

"पुंडलिकानंच. बाई ताराच्या नावाच्यो वेगळ्यो देतत, असा त्यानं घरी कळवलानी. नायतर वहिनीनं त्याच्या वाट्याच्यो घेतल्यो असत्यो काय? मिया पण तसाच समजलंय. पुडी संपत इली, बाईनु. पुंडलिक गेलो, पण तुमी गोळयो देशात ना, असा इचारलानी तिनं."

आता हिशेब लागला. त्याच्या रोजच्या गोळीतली अर्धी ताराच्या पोटात जात होती, आणि ती कशी मोडायची ते मीच सांगितलं होतं. त्याने मला ताकास तूर लागू दिली नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कधी मान वर करून पाहिलं नाही. त्या खिडकीत बसून मी पहिल्यांदाच रडले. शत्रुघ्न बिचारा पिशवी धरून तसाच उभा राहिला.

पुंडलिकचं कार्ड रद्द करायचा कागद अजून वरून आला नव्हता. ते खोक्यात तसंच होतं, मुदत डिसेंबरपर्यंत. मी ते काढलं. तीस गोळ्या मोजल्या, पाकिटावर 'तारा, रोज अर्धी, देवगडच्या डॉक्टरांना दाखवून' असं लिहिलं आणि पाकीट शत्रुघ्नकडे दिलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या खोलीतलं कुणी गावी जाणार होतं.

मग रजिस्टर उघडलं आणि मराठीत 'पुंडलिक' अशी सही केली. 'ड' मुद्दाम ओळीखाली ओढला.

महिनाअखेर लैला मॅडम रजिस्टर तपासायला बसल्या. शेकडो सह्या, त्या पानं भराभर उलटत होत्या. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा वफ्र्याचा पेशंट औषध नीट नेतो ना?"

"हो," मी म्हणाले. "एकही महिना चुकलेला नाही."