चावीचं बटण

“कुत्राना गळामा पट्टा, मन्ही चावीले बटन,” असं पुटपुटत लोटनआप्पांनी मोपेड चालू केली आणि मागे कटलरीची पेटी बांधून बाजाराला निघाले. त्यांच्या बायकोने, सरलाबाईंनी, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रिबिनी, कंगवे, आरसे. उभा जन्म आप्पांनी वाराला गाव धरून काढला. आज कुठला बाजार हे कधी कॅलेंडरला विचारावं लागलं नाही. हल्ली वार निसटायला लागले होते. घरात मात्र सगळे म्हणत, आप्पांची चावी हरवते. म्हणून सून जागृतीने ते मोबाइलवर ठावठिकाणा दाखवणारं स्वस्तातलं बटण आणून चावीच्या कडीत अडकवलं होतं.

दुपारी तिने मोबाइल उघडला. बटण सकाळी म्हसावदला दिसलं होतं. मग गप्प.

“स्वस्तना माल,” मुलगा उमाकांत म्हणाला. “बिघडी गया व्हई.”

“बिघडेल नही,” जागृती म्हणाली. “त्याले सोताले दूर बोलता येस नही. जोडेतून कोनी फोनवाला गया, का त्याना फोन ऐकस आन् आपले कळाडस. त्या मानूसले पत्ताबी नही.”

“म्हंजे वाटसरूना हाते निरोप.” सरलाबाईंचा हात पिठात तसाच राहिला. “आन् वाटसरूच नही ऱ्हायना ते?”

“ते निरोप नही, आत्याबाई.”

आजचा बाजार गर्दीचा. आप्पा तिथे असते, तर एव्हाना शंभर फोनांनी चहाडी केली असती. निरोप नाही म्हणजे माणसं नाहीत.

“डोंगरखालना बाजारले गयात तुना आप्पा,” सरलाबाई म्हणाल्या.

“तो ते उद्या शे,” उमाकांत बोलून गेला. सरलाबाईंनी पिठाचे हात धुतले.

मायलेक मोटारसायकलवर निघाले. म्हसावद मागे पडलं, तोरणमाळची बाजू धरली. डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं मैदान मोकळं पडलेलं. चिंचेखाली नेहमीच्या जागेवर आप्पांनी दुकान मांडलं होतं. रिबिनी रंगवार, आरसे आभाळाकडे तोंड करून. एका बाजूला मीठवाल्याची, दुसऱ्या बाजूला सुकटवालीची जागा नीट सोडलेली. गिऱ्हाईक म्हणून दोन शेळ्या.

“आज लोके उशीर करी ऱ्हायनात,” आप्पा म्हणाले.

उमाकांत उकिडवा बसून कंगवे गोळा करू लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जागृती होती. “आते दिसनं बटन,” ती म्हणाली. त्याच्याच खिशातल्या फोनने निरोप पोचवला होता.

“चावी दे आप्पा, मी ठेवस. परत हरपी जाई ती.”

“हां, चावीनंच ध्यान ठेवनं पडस,” सरलाबाईंनी घाईघाईने री ओढली.

आप्पांनी एकदा मिठाच्या जागेकडे पाहिलं, एकदा सुकटीच्या. मग कडीतून बटण सोडवलं, चावी मुलाच्या हातावर ठेवली, बटण स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून चाचपून पाहिलं.

“चावी कधीच नही हरपनी,” ते म्हणाले. “हरपस ते मी.”