काळ्या मण्यांची पोत

“आजी, मंगळसूत्र ऱ्हाऊ द्या गळ्यात. आमच्या फरहा मॅडमच्या सॉफ्टवेअरला समदं जमतं,” असं म्हणून सायराबानूने तानूबाईच्या गाऊनची नाडी करकचून बांधली.

तानूबाईने चमकून पाहिलं. आठवड्यापूर्वी पहिल्या स्कॅनला याच सायराने तिच्या गळ्यात आधी काळ्या मण्यांची पोत बांधली होती आणि मगच मंगळसूत्र उतरवलं होतं. नवरा जिवंत असताना गळा क्षणभरही ओका राहू नये, म्हणून सायराने स्वतः प्लॅस्टिकचे मणी दोऱ्यात ओवलेले. आणे गावापासून पार तळेघरपर्यंतच्या बायका त्या पोतीमुळे निमूट दागिने काढून देत. नारायणगावच्या या स्कॅन सेंटरमध्ये मदतनीस सायराचा जो काही मान होता, तो एवढाच.

मग त्याच आठवड्यात पुण्याहून स्कॅनचं शिकून फरहा आली. पोत पाहून सायरामावशीला हसली. “खाला, पुण्यात असलं काही नसतं.” डॉक्टरही हसले. आता ते उठता-बसता फरहाचं कौतुक करत. शरीरात बसवलेल्या धातूमुळे स्कॅनवर पांढऱ्या रेघा पसरतात, त्या ही पोरगी पुसून दाखवते म्हणे! आपल्याच मोहल्ल्यातली, आपल्यासमोर शेंबूड पुसत शाळेत गेलेली पोर. सायराच्या पोटात दुखायचं, आणि कशाने दुखतं तेही तिला चांगलं ठाऊक होतं.

मेंढरांमागे धावताना पडल्यापासून तानूबाईच्या खांद्यात स्टीलची पट्टी होती. पहिल्या स्कॅनवर त्या पट्टीच्या रेघांनी फुफ्फुसाचा वरचा भाग झाकून टाकलेला. खाली गाठ आहे की नाही, कळेना. आज ते फरहा सांगणार होती. तिचं चित्र एकदा तरी बिघडावं, एवढंच सायराला हवं होतं.

ते बिघडलं. मंगळसूत्र सरकून खांद्याशी गेलं होतं. सुरुवातीच्या चित्रात फरहाला त्याच्या वाट्या पट्टीचे स्क्रूच वाटले. मग जुन्या रेघा पुसल्या तरी नव्या उमटत राहिल्या.

“एवढं दिसत नाही तुला?” डॉक्टर फरहावर कडाडले. “आता म्हातारीला पुन्हा रेडिएशन द्यायचं?”

फरहाचा चेहरा उतरला. सायराला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. पण डॉक्टर आत आले. “मंगळसूत्र कुणी ठेवलं?”

सायरा घाईने गाऊनची नाडी सोडू लागली.

“म्याच,” टेबलावरून तानूबाई म्हणाली. “ही काढा म्हनत व्हती. म्या लपवलं. मालक भाईर बसल्यात, मन व्हईना.”

डॉक्टर पुटपुटत गेले. सायराने ड्रॉवरमधून पोत काढली.

“आजी, का खोटं बोललात?”

“मला बी धाकली जाऊ हाय, पोरी. समदी तिचंच कवतिक करत्यात. कळतंय मला. बांद आता.”

दुसऱ्या चित्रात रेघा नव्हत्या. पट्टीखालचं फुफ्फुस नितळ दिसत होतं, गाठ नव्हतीच. काचेआडून सायरा पाहत राहिली. चित्र सुरेख होतं, आणि तिला पुन्हा हेवा वाटला.

फरहा धावतच आत आली. “आजी, काही नाही तुम्हाला!” तानूबाईने तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग सायराकडे पाठ करून मान वाकवली.

सायराने दोनदा प्रयत्न केला. मंगळसूत्राची कडी लागेना.

“द्या खाला, मी लावते,” फरहा म्हणाली.

“ऱ्हाऊ दे,” तानूबाई म्हणाली. “तिलाच लावू दे. मला आता कसली घाई न्हाई.”