चावी न दिलेली नवमी

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. जुनं म्हणजे किती, असं विचाराल तर अवघ्या सात वर्षांचं. पण घड्याळाचं वय वर्षांवर मोजू नये. कुणी बारा वर्षं कपाटात झोपून नवंच्या नवं राहतं, तर कुणी सात वर्षांत म्हातारं होतं. मी दुसऱ्या जातीचं.

माझा जन्म बेंगळुरूचा, आणि त्याचा मला जरा ताठा आहे. त्या काळात घड्याळ म्हटलं की लोक विलायतेचं नाव घेत. आमच्या गावात घड्याळांचा कारखाना निघाला तेव्हा कितीजणांनी नाकं मुरडली! तिथे लांब टेबलांवर मुली डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत. त्यांतलीच एक अलका. तांदळाच्या कण्याएवढे स्क्रू ती चिमट्याने उचलून बसवायची, आणि तिचा श्वाससुद्धा हलत नसे. माझ्या पोटातली चाकं तिनेच बसवली. पुढे मी विक्रीला निघालो, तेव्हा मलाच ओळखून तिने विकत घेतलं, ते वडिलांसाठी.

वडील जयसिंगराव एका कापडगिरणीत मागांची दुरुस्ती करत. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्याने कानांनी दगा दिला होता. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोलावं लागे. राजाजीनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात अलकाने मला त्यांच्या मनगटावर बांधलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "अप्पा, रोज सकाळी एकाच टैमाला चावी द्यायची. चावी अडली की सरी, बास, तिथंच सोडायचं. जोर नाही करायचा. एक दिवस चुकलं तर त्याच दिवशी संध्याकाळी हे बंद पडणार बघा."

"माझ्या पोरीनं केलेलं बंद कसं पडंल?" जयसिंगराव म्हणाले, आणि गल्लीभर मला दाखवून आले.

माझ्यासारख्या घड्याळाचं खाणं म्हणजे चावी. पोटातली कमान गुंडाळली जाते आणि छत्तीस तास हळूहळू सुटत राहते. जयसिंगराव आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बरोबर सहाला मला चावी देत. त्यांची बोटं खरबरीत, जाडजूड, पण काय हळुवार फिरायची! मला तरी त्या दिवसांत काही कमी नव्हतं.

दोन वर्षांनी घरात वितुष्ट आलं. अलकाने कारखान्यातल्याच प्राणेशशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा शांत, शिकलेला, पण आपल्यातला नव्हता. जयसिंगरावांनी आकांडतांडव केलं. अलकाने कचेरीत जाऊन लग्नाची सही केली. वडील गेले नाहीत. त्यानंतर दोन वर्षं त्या घरात तिचं नाव निघालं नाही. तिची आई चंद्राबाई चुलीशी बसून डोळे पुसायची आणि धुराला बोल लावायची.

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला आणि चंद्राबाईंना ठाऊक होती. त्या दोन वर्षांत एकही सकाळ अशी गेली नाही की जयसिंगरावांनी मला चावी दिली नाही. तोंडाने नाव घेत नव्हते, एवढंच.

मग एक पत्र आलं. प्राणेशला आसामात नोकरी लागली होती. धारवाडला सासरी राहून अलका त्याच्याबरोबर निघाली होती, कडेवर वर्षाचा मुलगा. दसऱ्याच्या सकाळी साडेसहाला हुबळीची गाडी बेंगळुरूला पोचणार आणि सव्वासातला मद्रासची गाडी सुटणार. मधे जेमतेम पाऊण तास. 'घरी यायला वेळ नाही. अप्पांनी स्टेशनावर यावं. नातवाला बघावं. नाही आले तर मी समजेन काय समजायचं ते,' असं तिने लिहिलं होतं.

अक्षरओळख नसलेल्या जयसिंगरावांना चंद्राबाईंनी ते अक्षर अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचून दाखवलं. जयसिंगरावांनी पत्र हातात घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "जातो मी. तुझे गुडघे चालत नाहीत, तू राहा. बाळासाठी काय द्यायचं ते बांधून ठेव." चंद्राबाईंचं तोंड असं उजळलं की मलाही एक टिकटिक जास्त करावीशी वाटली.

आता ऐका माझ्या घाताची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आमच्याकडे आयुधपूजा असते. कारखान्यातल्या यंत्रांपासून घरच्या विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडू वाहतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी विश्रांती. दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. जयसिंगरावांनी पाटावर आपले पाने मांडले, हातोडी मांडली, चंद्राबाईंची कातर मांडली, आणि मनगटावरून सोडून मलाही मांडलं. माझ्या काचेवर, खालच्या अंगाला, जिथे सेकंदाचा छोटा काटा फिरतो, बरोबर तिथे कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

"अहो, त्याला स्वल्प चावी तर द्या," चंद्राबाई म्हणाल्या.

"आज कुठल्या हत्याराला चालवायचं नसतं. त्यालाबी एक दिवस सुटी."

"ते काय सुरी-कातर आहे?"

"माझ्या पोरीच्या हातचं आहे. सगळ्या हत्यारांत मोठं हत्यार तेच."

एवढ्या मानाने आजवर मला कुणी बसवलं नव्हतं. आणि पोटात मात्र उपास! आदल्या दिवशी सकाळी सहाची चावी. ती नवमीच्या संध्याकाळपर्यंत पुरली. सहाला दहा मिनिटं कमी असताना, समईसमोर, झेंडूच्या ढिगात मी थांबलो. कुणाला कळलं नाही.

रोज साडेपाचला गिरणीचा भोंगा आख्ख्या वस्तीला उठवत असे. दसऱ्याला गिरणी बंद, भोंगा बंद. आभाळ भरून आलेलं, उजेड कसा तो नाहीच. घराला जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. जयसिंगरावांनी घाईने आंघोळ केली, देवीपुढचा पाट हलवला आणि मला उचललं. माझ्यावर सहाला दहा कमी! खरे वाजले होते साडेसहा.

"अजून टैम आहे," ते म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला; सहाची चावी नंतर देऊ म्हणत त्यांनी मला तसंच मनगटावर बांधलं. मग त्यांनी सावकाश केस विंचरले. ठेवणीतला कोट काढला. चंद्राबाईंनी रव्याचे लाडू आणि चांदीचे तोडे रुमालात बांधून दिले. कुंकू पुसलं नाही, कारण ते देवीचं. कान ऐकत नाहीत, छोटा काटा कुंकवाखाली, मग मी मेलोय हे त्यांना कळणार कसं? मी आतल्या आत तडफडत होतो. मला एक टिकटिक करता आली असती, एकच, तरी काही उपयोग नव्हता. त्यांना ती ऐकूच आली नसती.

दसऱ्याच्या सकाळी जटका मिळेना, जटकेवाले घोड्यांना माळा घालण्यात गुंग. जयसिंगराव पायीच निघाले. रेल्वेच्या पुलापाशी त्यांनी कोटाची बाही वर सारली. सहाला दहा कमी. त्यांनी डोळे बारीक केले, अंगठ्याने कुंकू पुसलं. छोटा काटा उभा होता.

समोरून येणाऱ्या हमालाला त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "स्वामी, टैम एष्टु?"

"एळूकालु," तो म्हणाला. यांना ऐकू आलं नाही. त्याने बोटं दाखवली. सव्वासात.

साठीचा माणूस पळाला, मित्रांनो. रुमाल छातीशी धरून पळाला. फलाटावर पोचलो तेव्हा रूळ मोकळे होते. झाडूवाली फलाट झाडत होती. जयसिंगराव गाडी गेली त्या दिशेला तोंड करून किती वेळ उभे राहिले, ते मला सांगता येणार नाही. मी बंद होतो.

त्यांनी शेजारच्या प्रतापरावांकडून आसामला पत्र लिहवून घेतलं. प्रतापराव म्हणाले, "सगळं सविस्तर लिहू या." पण परक्यापुढे मन उघडणं जयसिंगरावांच्या स्वभावात नव्हतं. "इतकंच लिहा," ते म्हणाले, "घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून उशीर झाला."

उत्तर आलं ते आईच्या नावाने. 'आई, मी घड्याळं जोडलेली मुलगी आहे. रोज चावी दिलेलं घड्याळ बंद पडत नाही. अप्पांनी ते केव्हाच कुठेतरी टाकलं असणार. निदान खोटं तरी सांगायचं नव्हतं.' ते पत्र चंद्राबाईंनी वाचून दाखवलं नाही. पण जयसिंगरावांनी त्यांच्या हलणाऱ्या ओठांवरून ते वाचलं. नंतर पत्रं थांबली.

त्यापुढची दोन वर्षं माझी जशी निगा राखली गेली तशी राजाच्या घड्याळाची राखली जात नसेल. सकाळी सहाला चावी, आठवड्याला मऊ फडक्याने पुसणं. पुढच्या नवमीला पूजेत मांडलं, तेव्हा जयसिंगरावांनी सगळ्यांदेखत, देवीसमोर, मला चावी दिली. असा मान मिळूनही मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मी आता सेकंदाचाही फरक करत नव्हतो, आणि त्यांना कुठे जायचं उरलं नव्हतं.

मागच्या मार्गशीर्षात ते गेले. छातीत कळ आली, एवढंच निमित्त. चावी देणारं कुणी उरलं नाही, मीही खुंटीवर थांबलो.

तार मिळून, गाड्या बदलत अलका आली तेव्हा नववा दिवस होता. मुलगा आता तीन वर्षांचा झाला होता. ती आईजवळ बसली, पण रडली नाही, फार ताठ होती. चंद्राबाईंनी मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं. तिने मला उलटंपालटं केलं. जुन्या सवयीने डोळ्याजवळ नेलं, आणि तिचा हात थांबला.

माझ्या चावीच्या गुंडीवर बारीक दाते असतात. ते झिजून पार गुळगुळीत झाले होते. वरचा पांढरा मुलामा उडून आतलं पितळ दिसत होतं. कारखान्यात हजारो घड्याळं हाताळलेल्या डोळ्यांना हे वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

"आई, ह्याला चावी कोण देत होतं?"

"कोण म्हणजे? तेच की. तू बांधलंस त्या दिवसापासनं, रोज. तू गेल्यावरबी. एक नवमी सोडून."

"नवमी?"

"आयुधपूजेत मांडलं होतं नव्हं का. हत्याराला सुटी म्हणाले. तू येणार होतीस, त्याच्या आदल्या दिवशी."

अलकाचा अंगठा त्या गुळगुळीत गुंडीवरून फिरला. नवमीला कारखान्यातही तिचं टेबल झाकलेलं असे, चिमट्याला हळदकुंकू असे. तिला हे सुचायला हवं होतं, असं ती नंतर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण त्या वेळी तिने मला फक्त कपाळाला लावलं, आणि मग जी रडली, ती संध्याकाळपर्यंत आवरेना.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला देव्हाऱ्यात बसवू नका, पेटीत जपू नका. रोज ठरल्या वेळी चावी द्या, सणावारीसुद्धा, त्याचा उपास घडवू नका. आणि कुणी वेळेवर आलं नाही, म्हणालं की घड्याळ बंद पडलं, तर लगेच दार लावून घेऊ नका. एकदा विचारा, का बंद पडलं? अलकाने विचारलं असतं तर उत्तर एका ओळीचं होतं, आणि ते द्यायला जयसिंगराव दोन वर्षं घरीच होते.