हो दाबा

पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापून ह्वांग घराण्यातले सगळे पुरुष डोंगरावरून उतरले, तेव्हा मी जाऊबाईंबरोबर कोवळ्या भोपळ्याच्या चकत्या अंड्यात बुडवून तळत होते. पुरुषांनी गवत कापायचं आणि बायकांनी तेलाच्या धुरात उभं राहायचं, ही आमच्या सासरची जुनी वाटणी आहे. मला ती कधीच पटली नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. तेवढ्यात माझा नवरा ग्यूवॉन दारात येऊन हळूच म्हणाला, की बाबांच्या कम्प्युटरमध्ये व्हायरसचे जंतू शिरलेत आणि दादा सगळं पुसून टाकतोय.

मी झारा जाऊबाईंच्या हातात दिला. त्या काहीतरी पुटपुटल्या, पण मी थांबले नाही.

त्या कम्प्युटरमध्ये काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मामंजी कुळातल्या आमच्या शाखेचे लेखनिक. तीस वर्षांनी वंशावळ पुन्हा छापायची ठरली आणि त्यांनी चार वर्षं दोन बोटांनी टाइप करून अडीच हजार माणसं त्यात बसवली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फाइल पाठवायची शेवटची मुदत होती. आणि या खेपेला पहिल्यांदाच मुलींची स्वतःची नावं घालायची मुभा होती. आधी मुलीच्या जागी जावयाचं नाव छापत. सुनेचं तर फक्त माहेरचं आडनाव येतं, अजूनही. मी तीन वर्षं मामंजींशी भांडत होते. माझं नाव नको तर नको, पण माझ्या लेकीचं, बोमीचं नाव त्यात आलं पाहिजे. मामंजींचं एकच उत्तर असायचं, ‘बघू’. थोरले दीर ग्यूते मात्र उघड बोलायचे, की मुली उद्या परक्या घरी जाणार, त्यांच्यासाठी कागद कशाला नासायचा. त्यांना दोन मुलगे आहेत. गेल्या वर्षीची एक प्रत त्यांच्या पेनड्राइव्हवर होती, तिच्यात एकही मुलगी नव्हती. मामंजींची फाइल गेली असती तर तीच प्रत छापखान्यात गेली असती आणि पुढची तीस वर्षं तीच राहिली असती.

मी खोलीत शिरले तेव्हा ग्यूते भाऊजी गवत कापायच्या यंत्राच्या पेट्रोलचा वास येणाऱ्या हातांनी विंडोजची सीडी आत सरकवत होते. मामंजी मागे जमिनीवर मांडी घालून बसले होते, शाळेत उभं केल्यासारखा चेहरा करून. पडद्यावर लाल चौकट भोंगा वाजवत होती. ‘अभय लस’ नावाचा कुठलासा प्रोग्राम सांगत होता, की अडतीस घातक जंतू सापडलेत, चोवीस तासांत सगळ्या फाइली नष्ट होतील. खाली हिरवं बटण होतं, ‘त्वरित उपचार’. ते दाबलं की मोबाइल नंबर मागायचा, म्हणजे दर महिन्याच्या बिलात या प्रोग्रामवाल्यांचा वाटा सुरू.

मी भाऊजींना म्हटलं, सीडी बाहेर काढा.

“बोमीची आई, तू तुझा तवा सांभाळ,” ते म्हणाले. “अडतीस जंतू आहेत. आता पुसण्याशिवाय इलाज नाही. वंशावळीची काळजी नको, माझ्याकडे प्रत आहे.”

“म्हणूनच घाई आहे ना तुम्हाला?”

माझा नवरा नेहमीप्रमाणे मोजे बघत बसला. लग्नाला बारा वर्षं झाली, या माणसाने भावासमोर मान वर केलेली मी पाहिलेली नाही. मी सरळ हात घालून सीडी काढली आणि खिशात टाकली.

मग मी इंटरनेटची वायर उपटली. चौकटीतलं काहीही दाबलं नाही, कोपऱ्यातली फुलीसुद्धा नाही, कारण असल्या चोरांची फुलीही चोर असते. त्या प्रोग्रामची मूळ खिडकी बाजूला उघडी होती, तिच्यातून ‘पुन्हा तपासणी’ केली. आठ सेकंदांत तपासणी संपली. फाइली वाचल्या जाताना लुकलुकतो तो पेटीवरचा दिवा एकदाही लुकलुकला नाही, म्हणजे आतली एकही फाइल कुणी उघडून बघितली नव्हती. आकडा तोच, अडतीस. नावं वाचली तर त्यांतल्या दोन फाइली या कम्प्युटरमध्ये नव्हत्याच. मी मामंजींना ते दाखवलं. ज्या माणसाला ताप नाही त्याच्या हातात कुणी तापाचं बिल द्यावं, तसलं हे.

“तुला फार कळतं,” भाऊजी म्हणाले.

कळतंच. अकरा वर्षं मी कानाला हेडफोन लावून सरकारी दाखल्यांच्या हेल्पलाइनवर बसते आहे. आमच्याकडे साधा दाखला छापायचा तरी आधी पाच-सहा सुरक्षेचे प्रोग्राम बसवावे लागतात. एक कळफलकासाठी, एक छपाईसाठी, एक सहीसाठी. प्रत्येकाची चौकट वेगळी. म्हातारी माणसं घाबरून फोन करतात आणि मी त्यांना पुढे ढकलते. दिवसाला नव्वद फोन, म्हणून तोंडात एकच वाक्य बसलेलं आहे.

चालू प्रोग्रामांच्या यादीत जाऊन मी ‘अभय लस’ बंद केली. दहा मोजायच्या आत ती पुन्हा उभी राहिली, भोंगा घेऊन. भाऊजी हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही. मी कम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे फालतू काही सोबत जागं होत नाही. तिथे तिला उठवणारी जोडीदारीण सापडली. तिचं नाव साळसूद, जणू छपाईचंच काम करते. आधी तिला काढलं, मग लशीला. कम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून दोघींची नावं खोडली. माझ्या पेनड्राइव्हवरची खरी लस चालवली. तिला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात पेटीवरचा दिवा सारखा लुकलुकत होता. स्वयंपाकघरातून जाऊबाई भांडी आपटून आपलं मत कळवत होत्या.

वाट बघत असताना मी बसवलेल्या प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावली. गुरुवारी सकाळी, पंधरा मिनिटांच्या आत, सात प्रोग्राम बसले होते. पाच मी ओळखत होते, रोज हेल्पलाइनवर तीच नावं घेते. उरलेल्या दोन म्हणजे ही लस आणि तिची जोडीदारीण.

मी मामंजींकडे वळले. चार वर्षांचं काम असलेल्या कम्प्युटरवर माणूस इतका निष्काळजी कसा राहतो, असं विचारलं. शोधलं काय, उघडलं काय, आणि न वाचता ही घाण घरात घेतलीच का? आवाज चढला होता. सासऱ्यांशी असं बोलत नाहीत, मला ठाऊक आहे. तीन वर्षांचं ‘बघू’ त्या आवाजात होतं.

मामंजींनी उठून कळफलक बाजूला सरकवला. टेबलाच्या काचेखाली कागद होता. शाईपेनाने, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘सूनबाईने फोनवर सांगितलं: कुठलीही चौकट उघडली तरी वाचत बसू नका. हो दाबा.’

मी ते म्हटलं होतं. बुधवारी मामंजींचा फोन आला तेव्हा, कामाच्या दोन फोनांच्या मध्ये, घाईत. हेल्पलाइनवरच्या एखाद्या म्हाताऱ्याला सांगावं तसं.

“पहिला दुवा दिसला तो उघडला,” मामंजी म्हणाले. “चौकट आली. हो दाबलं. मग दाखल्यांच्या खऱ्या साइटवर गेलो, तिथेही सगळ्यांना हो म्हटलं.”

“पण कसला दाखला हवा होता तुम्हाला?”

त्यांनी खणातून एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ग्यूवॉनचा कुटुंब-दाखला. त्यात खाली बोमीचं नाव आणि जन्मतारीख. पुराव्याशिवाय वंशावळीत मुलीचं नाव घेत नाहीत, ते म्हणाले. मी वंशावळीची फाइल उघडली. ती धड होती. ग्यूवॉनच्या नावाखाली बोमी बसलेली होती, गुरुवारीच.

“म्हणजे जंतू तूच आणलास,” मागून भाऊजी म्हणाले.

“हो,” मी म्हणाले. “माझ्यामुळे आला.”

मला खाली बघावंसं वाटलं आणि मी बघितलं. या घरात ती पाळी नेहमी माझ्या नवऱ्याची असते. पण तो उभा राहिला. भावाच्या हातात टॉवेल देऊन म्हणाला, “दादा, हात धुऊन ये. पेट्रोलचा वास येतोय.” भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग गेले. जेवणावर ते माझ्याशी बोलले नाहीत, पुढच्या वर्षीही बोलले नाहीत.

वायर पुन्हा लावली. फाइल पाठवायच्या पानावर लगेच एक चौकट उघडली, सुरक्षेचा प्रोग्राम बसवायचा का? मामंजींचं बोट माउसवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ती चौकट पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, बनवणाऱ्याचं नावही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हटलं, दाबा. फाइल गेली.

मी काच उचलून तो कागद ओढायला गेले, फाडून टाकावा म्हणून. मामंजींनी त्यावर हात ठेवला.

“फाडू नको. चूक खाली दुरुस्त कर.” त्यांनी वंशावळीचं शाईपेन पुढे केलं.

मी लिहिलं, ‘आधी पूर्ण वाचा. कळलं नाही तर दाबू नका.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. “खाली नाव घाल,” ते म्हणाले. “कुणी सांगितलं ते कळायला हवं. सूनबाई नको लिहू, सुना दोन आहेत.”

मी पूर्ण नाव लिहिलं. सोन मिओक. त्यांनी शाई वाळू दिली, कागद पुन्हा काचेखाली सरकवला आणि कळफलक त्याच्यावर न ठेवता बाजूला ठेवला.